घाट उतरला की गाडीत पुन्हा गॅसचा वास: कॅम्पर व्हॅनमधल्या गळतीचा शोध

वास यायचा. मी पाना घेऊन नट आवळायचो, साबणाचं पाणी लावून बघायचो, एकही बुडबुडा नाही. वास गेला. मग फोंडा घाट नाहीतर आंबोली उतरून मालवणला घरी आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखालचं दार उघडताना तोच वास. पहिल्या हिवाळ्यात हे चार वेळा झालं आणि चारही वेळा मला वाटलं, आता काम झालं. गाडीत स्वतःच्या हाताने स्वयंपाकघर बसवलेल्या कुणालाही हा अनुभव येत असेल तर त्याने पुढचं सगळं नीट वाचावं. नट आवळून वास जातो तेव्हा दोष गेलेला नसतो, तो फक्त पुढच्या घाटापर्यंत थांबतो.

आधी गाडीची रचना. जुनी, मासळी वाहणारी बंद व्हॅन घेतली, आतून धुऊन, पत्र्याला थर्माकोल आणि प्लाय मारून तयार केली. मागच्या दाराजवळ लाकडी पेटीत ५ किलोची गॅसची टाकी, तिच्यावर नेहमीचा घरगुती रेग्युलेटर, तिथून हातभर रबरी पाइप, पुढे पार्टिशनमधून ओट्याखालून गेलेला तीन सुती (३/८ इंची) तांब्याचा पाइप, आणि शेवटी पुन्हा रबरी पाइपाने दोन बर्नरची शेगडी. मोजले तर सांधे सात. त्या वेळी सात हा आकडा मला जास्त वाटला नव्हता.

वास आला तर आधी काय

शोध नंतर. वास आला की गाडीतलं एकही बटण दाबायचं नाही, चालू असलेला दिवा बंद करण्यासाठीसुद्धा नाही. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर आहे तसा राहू द्यायचा, किल्ली फिरवून गाडी पुढे घ्यायची नाही, कारण स्टार्टरची ठिणगी पुरेशी असते. दारं उघडायची, माणसं बाहेर, बाहेरून हात घालून रेग्युलेटर बंद करायचा, आणि गाडीत साठलेली हवा खालून निघून जाईपर्यंत थांबायचं. गळती थांबत नसेल तर १९०६ हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक आहे. फोन गाडीपासून लांब जाऊन करायचा.

एवढं का, ते आकड्यात सांगतो. एलपीजी हवेत २ ते ९ टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेट घेतो. आमच्या गाडीची आतली जागा ८ घनमीटर धरली तर २ टक्के म्हणजे १६० लिटर वायू. द्रवाचा वायू होताना तो सुमारे २५० पट फुगतो, म्हणजे टाकीतला साधारण ६५० मिलिलिटर द्रव पुरे. एका पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी. आणि हा वायू हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे तो गाडीभर पसरत नाही, खाली साचतो. त्यामुळे जमिनीलगत २ टक्के व्हायला याहून कितीतरी कमी पुरतो. घरात खिडकी उघडली की आपण निश्चिंत होतो. गाडीत वरची खिडकी उघडून खालचा गॅस जात नाही.

मी कुठे कुठे चुकीचं शोधलं

पहिल्यांदा तर मी वासावरच विश्वास ठेवला नाही. गाडी मासळीची. कितीही धुतली तरी पावसाळी हवेत लाकडातून बर्फाच्या पाण्याचा जुना वास यायचा, आणि आम्हीही वाटेत सुके बोंबील घेतो. बायको मात्र ठाम होती. "अहो, हा बोंबलाचा वास नव्हे. तो मला झोपेतही ओळखता येईल." तिचंच बरोबर होतं. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात इथिल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, आणि त्याचा वास कुजक्या कोबीसारखा, लसणीसारखा असतो. कोकणातल्या गाडीत सुकी मासळी असेल तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेवणासाठी नव्हे, नाक मोकळं राहावं म्हणून.

मग वाटलं, टाकी संपत आलीय. हे अर्धं खरं असतं. मर्कॅप्टन गॅसपेक्षा हळू उडतो, त्यामुळे तळाच्या शेवटच्या द्रवात त्याचं प्रमाण वाढतं आणि टाकी संपताना वास उग्र होतो. पण तो वास शेगडी पेटवताना येतो. रात्रभर बंद असलेल्या कपाटात साठत नाही.

तिसरा संशय टाकीच्या तोंडातल्या रबरी रिंगवर. हा संशय रास्त आहे आणि प्रत्येकाने सगळ्यात आधी हेच बघावं. रेग्युलेटर काढून टॉर्च मारा, रिंग जागेवर आहे का, चिरली आहे का, पिळवटली आहे का. टाकी बदलून घेताना दुकानातच बघून घ्यायची. माझी रिंग चांगली होती.

चौथा, रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा. इथे मला खरोखर दोष सापडला आणि त्यानेच मी फसलो. लोखंडी क्लिपचा स्क्रू खाऱ्या हवेने गंजून गेला होता, आवळला तरी पट्टी आवळत नव्हती. क्लिपा स्टेनलेसच्या टाकल्या, तारेची जाळी असलेला नवा सुरक्षा पाइप टाकला. तेल कंपन्या तो पाइप ५ वर्षांनी बदलायला सांगतात; समुद्राकाठी आणि तेही गाडीत असेल तर मी २ वर्षांपेक्षा जास्त ठेवत नाही. महिनाभर वास नाही. मग राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाटाने खाली आलो आणि पुन्हा तेच.

यानंतर मी सगळ्यात वाईट काम केलं. तांब्याच्या पाइपाच्या फ्लेअर नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पाना दोन्ही हातांनी ओढला. फ्लेअर सांध्यात गॅस अडवतो तो पाइपाच्या तोंडाचा पसरलेला तांब्याचा कोन, पितळेच्या कोनावर बसून. आटे फक्त दाब देतात. टेप तिथे काहीच अडवत नाही, उलट तिचे धागे सुटून शेगडीच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरखाली गॅस बाहेर पडतो त्या बारीक भोकात, जातात. आणि जास्त आवळल्याने तांब्याची ती कड पातळ होत जाते. म्हणजे दर वेळी पाना ओढून मीच तो सांधा कमजोर करत होतो.

कुणकेश्वरची रात्र

देवगडजवळ कुणकेश्वरला उतारावर गाडी लावली होती, तोंड समुद्राकडे खाली. रात्री पायरीवर चपला काढायला वाकलो तर वास नाकात भरला. उभा राहिलो तर काहीच नाही. ओट्यापाशीही नाही. गॅस उतारावरून वाहत येऊन सरकत्या दाराच्या पायरीच्या खड्ड्यात जमला होता. त्या रात्री गाडीबाहेर चटई टाकून झोपलो आणि ठरवलं की आता अंदाजाने पाना लावायचा नाही, मोजायचं.

वास जिथे येतो तिथे गळती असेलच असं नाही. गाडी कशी उभी आहे ते आधी बघा.

पाण्याच्या नळीने मोजणं

यासाठी यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दोनेक मीटर पारदर्शक नळी आणली. आमच्या खळ्यात माड आहे. त्याच्या बुंध्यावर फळी उभी बांधून तिच्यावर नळी इंग्रजी यू अक्षरासारखी चिकटवली, मध्ये मोजपट्टी, आणि अर्ध्यापर्यंत हळद घातलेलं पाणी. हळद यासाठी की पातळी लांबून दिसते. नळीचं एक टोक उघडं, दुसरं खिडकीतून आत नेऊन शेगडीच्या जेटवर. बर्नर आणि त्याखालची मिक्सिंग ट्यूब काढली की जेट मोकळा होतो, त्यावर मऊ रबराचा तुकडा घट्ट बसतो. आजूबाजूला विडी, चूल, काही नाही. वेळ सकाळची, कारण ऊन गाडीवर आलं की पाइपातला गॅस तापून पातळी आपोआप सरकते आणि आपण फसतो.

रेग्युलेटर उघडला, त्या जेटची कळ उघडली. पाणी एका बाजूला खाली गेलं, दुसऱ्या बाजूला चढलं. घरगुती गॅसचा दाब ३० मिलीबार असतो, म्हणजे दोन पातळ्यांत सुमारे ३० सेंटीमीटरचा फरक. बर्नर पेटलेला नसताना थोडा जास्त दिसतो, माझा ३३ दिसला. खूपच जास्त दिसला, किंवा पाणी नळीबाहेर उडालं, तर रेग्युलेटर बिघडलाय. तो उघडून दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. आता रेग्युलेटर बंद केला. पाइपांत अडकलेला दाब तेवढा पाण्याला धरून राहतो. पाच मिनिटं स्थिर होऊ दिलं, पेनाने खूण केली, आणि बघत बसलो.

दहा मिनिटं. पाणी खुणेवरून हललं नाही. गळती नाहीच!

माझी निराशा झाली, कारण वास तर खरा होता. मग शेजारचा मुलगा आला होता त्याला मागच्या बंपरवर पाय देऊन गाडी वरखाली हलवायला सांगितलं. फळी माडाला बांधलेली, त्यामुळे ती स्थिर. त्याने चार हिसके दिले आणि पिवळं पाणी डोळ्यांदेखत दोन सेंटीमीटर उतरलं. तो थांबला, पाणी थांबलं. त्याने पुन्हा हलवली, पुन्हा उतरलं.

तेव्हा कळलं की इतके दिवस साबण का बोलत नव्हता. मी तो नेहमी उभ्या, शांत गाडीत लावत होतो.

पुढचं काम सोपं होतं. पुन्हा दाब भरून, एकेक भाग हाताने हलवत गेलो. टाकीजवळचा रबरी पाइप, काही नाही. शेगडीजवळचा, काही नाही. पार्टिशनच्या मागचा तांब्याचा पाइप बोटाने बाजूला ढकलला आणि पाणी उतरलं. तिथे साबण लावून पुन्हा ढकलला तर नटाच्या मागे, नटावर नव्हे, बारीक फेसाची कड उमटली. नट सोडवला. फ्लेअरच्या गळ्याशी अर्धा वेढा घेतलेली केसाएवढी काळी रेघ. नख फिरवलं की अडकायची. पाइप सरळ उभा राहिला की रेघ मिटायची, वाकला की उघडायची.

साबणाचं पाणी काम झालं की पुसून टाका. पितळ आणि तांब्यावर ते तसंच वाळू देऊ नये.

"हलता खंय ता बघ"

तो तुकडा घेऊन मी जेटीवर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी उजेडात धरून बघितला. "झिला, नट आवळून काय्येक होवचा नाय. हलता खंय ता बघ. सरळ पायप तुटतलोच." मग इंजिनावरचा डिझेलचा तांब्याचा पाइप दाखवला. टाकीकडून आलेला पाइप इंजिनापाशी सरळ नट गाठत नव्हता. आधी त्याने एक मोठं वेटोळं घेतलं होतं. इंजिन थरथरतं, टाकी थरथरत नाही, आणि दोघांमधला फरक ते वेटोळं पोटात घेतं. माझ्या गाडीत एका बाजूला पार्टिशन, दुसऱ्या बाजूला लाकडी पेटीत हिंदकळणारी टाकी, आणि मध्ये काठीसारखा ताठ पाइप. घाटाच्या प्रत्येक वळणाला टाकी रबरी पाइप ओढायची, तो तांब्याला ओढायचा, आणि सगळा वाक नटाच्या मागच्या एका रेघेवर यायचा.

तांब्याचा हा स्वभावच आहे. तार पुन्हा पुन्हा वाकवली की आधी ती कडक होते, मग तुटते. पाइपही तसाच, थरथरीने कडक होतो आणि जिथे सगळ्यात जास्त वाकतो तिथे चिरतो. नवीन मऊ पाइप असेल तर उत्तमच, नाहीतर तोंडाकडचा भाग मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. फ्लेअर मी स्वतः मारत नाही. एसी-फ्रिजवाल्या मेकॅनिककडे बरोबर हत्यार असतं आणि त्याचा हात बसलेला असतो.

आता गाडीत काय आहे

सगळ्यात मोठा बदल टाकीत. पाइपाचं काम मी त्यानंतर केलं. टाकी आता पेटीत नुसती ठेवलेली नाही. खाली तिच्या कड्याच्या मापाची खाच, वर आणि मध्ये असे दोन पट्टे, मागे रबराची गादी. हाताने हलवली तर गाडी हलते, टाकी नाही. टाकी नेहमी उभीच. आडवी ठेवली तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि बर्नरवर भडका येतो.

तांब्याचा पाइप एकसंध, मध्ये जोड नाही. पार्टिशनमधून जातो तिथे रबरी बुश, म्हणजे पत्र्याची धार तांब्याला कापत नाही. दर अर्ध्या मीटरच्या आत आतून रबर लावलेली क्लॅम्प. युरोपातल्या अशा गाड्यांच्या ईएन १९४९ या मानकात तांब्याच्या पाइपासाठी ५०० मिमी हेच अंतर आहे. टाकीकडच्या नटाआधी वितीएवढं एक वेटोळं. सांधे सातावरून चारावर आले. माझ्या मते गाडीतल्या गॅसच्या कामात सगळ्यात चांगला सांधा म्हणजे जो केलाच नाही तो.

पेटी मात्र मी पूर्ण नव्याने केली, आणि यात तडजोड करू नका. तिचं दार गाडीबाहेर उघडतं. आतल्या बाजूला ती पूर्ण बंद, पाइप जातो तिथलं भोकसुद्धा बुजवलेलं. तळाला थेट रस्त्यावर उघडणारी भोकं, एकूण १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी नाहीत, आणि सायलेन्सरच्या तोंडापासून लांब. आत एकही वायर नाही, दिवा नाही. सांधा उद्या पुन्हा चिरला तरी गॅस खाली पडून निघून जाईल. गळतीचा अलार्म ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला आहे. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा आणि वर, झोपतो त्या बाजूला. गॅसचा अलार्म अत्तराने आणि मच्छरांच्या फवाऱ्यानेही वाजतो. तरी तो वाजला की मी आधी खोटा धरत नाही.

टाकी नेहमी अधिकृत विक्रेत्याकडचीच घेतो. हायवेला छोट्या टाक्या भरून देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नये; किती भरलंय आणि टाकीची शेवटची तपासणी कधी झाली हे कुणालाच माहीत नसतं. कंपनीच्या टाकीच्या कड्याच्या पट्टीवर अक्षर आणि साल असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२८ असेल तर जून २०२८ नंतर ती टाकी घ्यायची नाही. आणि गाडीच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते. फर्निचर ठोकण्याआधीच तिथे जाऊन या.

ज्योत पिवळी, दाब कमी

गळती मिटल्यावर एकदा हे झालं. ज्योत पिवळी, टोपाला काजळी, चहाला दुप्पट वेळ. टाकी भरलेली होती. कारण निघालं कुंभारीण. ती मातीचं घर करणारी माशी, कोकणात कुठलंही पेन्सिलीएवढं भोक तिला पुरतं. मिक्सिंग ट्यूबमध्ये हवा शिरते तिथेच तिने घर बांधलं होतं. ओल्या कापडाने आणि मऊ ब्रशने काढलं, ज्योत निळी झाली. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. पेटीच्या तळाची भोकंही ती बुजवते, म्हणून आता सगळीकडे जाळी आहे आणि जाळीतून टॉर्चचा उजेड खाली पडतो का ते मी बघतो. रेग्युलेटरवर एक सूक्ष्म श्वास घ्यायचं भोक असतं, तेही मीठ, माती किंवा रंगाने बुजलेलं नको. पिवळ्या ज्योतीवर बंद गाडीत स्वयंपाक करू नका, आणि पावसात कपडे वाळवायला शेगडी तर अजिबात नको.

नवीन काम झाल्यावर आम्ही आंबोलीला जाऊन आलो, मग गगनबावड्याहून करूळ घाटाने उतरलो, मग पुन्हा फोंडा. तिन्ही वेळा घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नळी जोडली आणि शेजारच्या मुलाला बंपरवर उभा केला. खूण पेनाने केली होती, पाणी तिच्यावरच राहिलं. ही चाचणी मी आता दर मोठ्या फेरीनंतर करतो, अर्धा तास लागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी शेडमध्ये लागते. रेग्युलेटर काढायचा, टाकीच्या तोंडावर टोपी बसवायची, टाकी बाहेर काढून पडवीत उभी ठेवायची. उघड्या नोझलवर कापड बांधायचं, नाहीतर सप्टेंबरमध्ये त्यातही कुंभारीण असते. क्लिपांच्या स्क्रूंवर ग्रीसचा हात. रबरी पाइपावर छापलेली तारीख वहीत लिहून ठेवतो.